तेलाच्या फडक्यातली ट्यूब

आमच्या गाडीच्या डाव्या अंगाला पत्र्याची एक पेटी होती. गाडी सेकंडहँड घेतलेली. तिच्याबरोबर एक किल्ली आणि तडा गेलेला आरसा मिळाला होता, बाकी काही नाही. पेटी नवऱ्याने नंतर रामवाडीतल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली, कडी-कुलपासकट. आम्ही पेणला राहायचो आणि त्यांची कंपनी धाटावला. रोजचा रस्ता वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंड आणि रोहा. नागोठणे सोडलं की पंक्चरवाला एकदम रोह्यातच. त्यामुळे पेटी लागणारच होती. बाकीचे लोक डिक्कीत रेनकोट ठेवत, जेवणाचा डबा ठेवत. आमच्या पेटीत डब्याला जागा नसे. डबा हँडलला लटकायचा.

पेटीत काय होतं ते मला आजही सांगता येतं, कारण दर रविवारी ते सगळं दारात गोणपाटावर मांडलं जायचं आणि मला त्याला वळसा घालून नळावर जावं लागायचं. लहानापासून मोठ्यापर्यंत पाने, प्लगचा पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, टायर उचकटायच्या पट्ट्या, क्लचची वायर, ॲक्सिलरेटरची वायर, जादा प्लग, पुढच्या दिव्याचा बल्ब, चेनची कडी, पंक्चरचं सोल्युशन, काचपेपर, आणि मागच्या चाकाची एक नवीकोरी ट्यूब. हवा भरायचा पंप पेटीत मावत नव्हता. तो सीटच्या बाजूला सायकलच्या जुन्या ट्यूबने बांधलेला असे.

आणि हे सगळं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेलं.

माझं सासर मिठागराचं. पेणच्या खाडीकडच्या गावात तीन पिढ्या मीठ पिकवणारं घर. तिथे लोखंड टिकत नाही. दाराच्या बिजागऱ्या हाताने कुसकरता येतात, खिळा ठोकला की वर्षभरात त्याची तांबडी भुकटी होते. सासूबाई शिवणाची सुईसुद्धा तेलाच्या चिंधीत टोचून ठेवायच्या. कुदळ, फावडं, कोयता, वापरून झालं की पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा आणि मगच जागेवर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी विळी तशीच धुऊन उभी केली. सासूबाई म्हणाल्या, "शेतावरची ना गो तू? तुमच्यात भात गंजत नाय म्हणून विळीपण नाय गंजत वाटतं?" त्या दिवसापासून मीही तेल लावू लागले.

नवरा त्या घरात वाढलेला. गॅरेजमधून गाडीचं जळकं ऑइल बाटलीत आणायचं, सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे तुकडे त्यात भिजवायचे, पिळायचे, आणि प्रत्येक वस्तू त्यात बांधायची. ट्यूबसुद्धा. एका रविवारी मी विचारलं, "ट्यूबला कशाला? ती काय लोखंडाची हाय?"

"चपलेला तेल लावतो ना आपण? मऊ राहती. रबर कोरडं पडलं की चिरतं गो," ते म्हणाले.

मला पटलं. कुणालाही पटलं असतं. आमच्या भागात जे जपायचं त्याला तेल लावतात.

धाटावच्या शिफ्टच्या लोकांचा त्या रस्त्यावर एक रिवाज होता. कुणाची गाडी स्टँडवर उभी दिसली की थांबायचं. काही करता आलं नाही तरी थांबायचं, निदान विचारायचं. नवऱ्याची गाडी लांबून दिसली की अडलेले लोक हात वर करून हसायला लागायचे, कारण फिरतं गॅरेज आलं. त्यांचे पॅकिंग खात्यातले दोस्त होते, ते चेष्टा करायचे, "तुझ्या पेटीत सगळं मिळंल. सासरा तेवढा नाय मिळायचा."

ही चेष्टा त्यांनी मला स्वतःच सांगितली होती, हसत. मी हसले नाही. ते पुढे म्हणाले, "खरंच हाय ना पण."

माझं माहेर रोह्याच्या पलीकडे, नदीकाठचं गाव. आम्ही भात लावणारे, भातानंतर वाल. मी पेणला मावशीकडे राहून पोह्यांच्या गिरणीत कामाला लागले आणि तिथे आमचं जमलं. बाबांनी मारहाण केली नाही, दारं बंद केली नाहीत. ते फक्त एवढंच म्हणाले, "मिठागरातला पोरगा. पावसाळ्यात विरघळंल." लग्नाला आले नाहीत. मी माहेरी जायची ती एकटीच. नवरा मला फाट्यावर उतरवायचा आणि तसाच पुढे धाटावला शिफ्टला जायचा. रोज त्या फाट्यावरून तो जात होता आणि येत होता, पण गाडी कधी आत वळली नाही. बोलावल्याशिवाय जायचं नाही, हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. माझ्या वडिलांनी बोलवायचं नाही, हे माझ्या वडिलांनी ठरवलं होतं. दोघेही शब्दाचे पक्के. मधल्या अंतरात मी माझी पिशवी घेऊन चालायची.

बाबा माझ्याशी बोलायचे. पेणला पाऊस कसा, गिरणीत पोह्याला भात कुठला येतो, सगळं विचारायचे. नवऱ्याचं नाव घ्यायचे नाहीत. एकदा मात्र मी घरात शिरले तेव्हा ते म्हणाले, "फाट्यावर गाडीचा आवाज आला." एवढंच. पण कोण आलं हे त्यांना कळलं होतं.

त्यानंतर काकांची मोपेड भिसे खिंडीत बंद पडली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. नवरा थांबला, आपल्या पेटीतला प्लग काढून घातला, गाडी चालू करून दिली. काकांनी घरी येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "मिठाबरोबर प्लगबी पिकवतात काय तिकडं?" सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी काकांना हळूच विचारलं, "चालतो काय रे तो प्लग?"

हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी पाने पुसता पुसता दोनदा विचारलं, "असं म्हणाले? 'चालतो काय' म्हणाले?"

बाबांच्या छातीचं दुखणं जुनं होतं. त्या वर्षी थंडीत ते वाढलं. रोह्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. मी मधे जाऊन आले होते. ते झोपूनच होते, वालाच्या शेंगा भरल्या का एवढं विचारलं.

मग एका सकाळी समोरचा किराणा दुकानदार रस्ता ओलांडून आला. फोन त्याच्याकडे होता, आमच्या चाळीत कुणाकडेच नव्हता. म्हणाला, "वहिनी, रोह्याहून तुमच्या काकांचा फोन. बाबांना जास्त हाय. लगेच या म्हणाले. दोघांनी."

"दोघांनी?"

"मीपण तेच विचारलं. दोघांनी म्हंजे? तर म्हणाले, बाबांनीच सांगितलंय. जावयाला घेऊन ये, म्हणाले."

नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी शिफ्ट होती, म्हणून ते घरी होते. दाढीचा साबण तसाच गालावर ठेवून ते बाहेर आले. "जावई म्हणाले?"

"व्हय. जावई," दुकानदार म्हणाला आणि गिऱ्हाईक उभं होतं म्हणून परत गेला.

मी कपडे पिशवीत भरले. ते आत जाऊन पांढरा शर्ट घालून आले, लग्नातला, घडी मोडलेली नाही असा. मी म्हटलं, "लग्नाला नाय चाललो आपण. स्वेटर घाला."

"पहिल्यांदा चाललोय गो," ते म्हणाले. शर्टावरून स्वेटर घातला, पण कॉलर बाहेर काढली.

निघायच्या आधी त्यांनी पेटी उघडून आत पाहिलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं. मी मागे बसले. वडखळपर्यंत ट्रकांच्या मधून गेलो. नागोठण्याला पुलावर धुकं होतं. मी मनात एकच गोष्ट धरून बसले होते, की बाबा असेपर्यंत पोचायचं आणि ह्यांना त्यांच्यासमोर उभं करायचं. पुढचं त्या दोघांनी बघून घ्यावं.

खिंडीचा चढ अर्धा झाला आणि मागचं चाक डगमगायला लागलं. त्यांनी गाडी सावरली, पण दोघांचं ओझं आणि चढ, थांबेपर्यंत चाक रिमवर आलं. खाली उतरून पाहिलं. टायरमध्ये पत्र्याचा तुकडा घुसला होता.

"काय नाय. ट्यूब हाय," ते म्हणाले आणि गाडी मेन स्टँडवर घेतली.

तेवढ्यात मागून एक स्कूटर आली आणि थांबली. धाटावचाच माणूस, त्यांच्या ओळखीचा. त्याने विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, "वहिनी, बसा माझ्या मागं. गावापर्यंत सोडतो. हा येईल मागून."

नवरा चाकाचा नट सोडवत खाली वाकला होता. मी विचारलं, "मी होऊ काय पुढं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "तू बघ. पण दोघांना बोलावलंय."

स्कूटरवाला हसला. "ह्याच्याकडं नाय असं काय हाय! त्याला काय वेळ लागायचा? माझी सेवा नको तर नको."

मी उभी राहून विचार केला. त्या घरात मी इतकी वर्षं एकटीच शिरत आले होते. आज दोघांना बोलावलं होतं. मी पुन्हा एकटी दारात उभी राहिले असते आणि ते खिंडीत अडकलेत असं सांगितलं असतं, तर बाबांच्या मनात काय आलं असतं? आणि ट्यूब तर होती. नवी होती. ट्यूब बदलायला ह्यांना किती वेळ लागतो ते मी रस्त्यात कितीदा तरी पाहिलं होतं. मी स्कूटरवाल्याला म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं. आम्ही आलोच."

तो गेला. आजही तीच माहिती हातात असती तर मी तेच केलं असतं.

त्यांनी चाक काढलं, टायर एका बाजूने उचकटला, जुनी ट्यूब ओढून काढली. ती रिमवर घासून वॉल्व्हच्या बुडाशी फाटली होती, तिथे ठिगळ बसत नाही. ती बाजूला टाकली आणि पेटीतून नव्या ट्यूबचं गाठोडं काढलं. फडकं सोडलं.

मला पहिल्यांदा वाटलं, चुकीची ट्यूब आणली. ती लांब दिसत होती, जाड दिसत होती, ठिकठिकाणी फुगलेली. त्यांनी ती हातात धरली आणि त्यांची बोटं त्यात रुतली. शिळ्या पिठासारखी ती मऊ झाली होती, चिकट, आणि बोट लावलं की काळा थर निघून येत होता. वर्षभर दर रविवारी ताज्या तेलाचं फडकं बदलून तिला जपलं होतं. तेलाने रबर खाऊन टाकलं होतं.

त्यांनी ती फडक्याच्या कोरड्या कोपऱ्याने पुसली, टायरमध्ये घालायला लागले. ती मावेना. दुमडून बसवली. पंप लावला. थोडी हवा गेली, एका जागी ट्यूबला मोठा फुगा आला, आणि वॉल्व्ह अख्खा त्यांच्या हातात निघून आला.

ते रस्त्याच्या कडेला बसले. हाताचा वास घेतला. "तेलानं गेली," ते म्हणाले. मग, "मीच जपली गो."

मी म्हटलं, "उठा. आता काय करायचं ते सांगा."

त्यांनी जुन्या ट्यूबला ठिगळ मारायचा प्रयत्न केला. टिकलं नाही. दुसऱ्यांदा केला. तेही टिकलं नाही. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहून दोन्हीकडे बघत होते. त्या रस्त्याचं एक होतं, शिफ्टच्या वेळेला गाड्यांची रांग लागायची आणि मधल्या वेळात माकडंसुद्धा निवांत बसायची. सकाळची माणसं जाऊन चुकली होती, दुपारची यायला अवकाश होता. दोन ट्रक गेले, दोन्ही भरलेले, चढावर कुणी थांबलं नाही. मग रोह्याकडून एसटी आली. ती नागोठण्याकडे जाणारी, म्हणजे आमच्या उलटी. मी हात केला. नवरा चाक घेऊन तिच्यात चढला. दारातून म्हणाला, "इथंच थांब. गाडी सोडू नको."

कुठे जाणार होते मी?

चाक नसलेली गाडी स्टँडवर, गोणपाटाऐवजी रस्त्याच्या मातीवर मांडलेली हत्यारं आणि मी. मी हत्यारं पुसून पेटीत भरली. तेलाची फडकी मात्र दरीत फेकून दिली. मग जळाऊ लाकडाचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई खालून आली, भारा कठड्याला टेकवून दम खात उभी राहिली.

"कोण गो तू? मालक कुठं?"

"नागोठण्याला. चाक घेऊन."

"आनि तू राखण?" ती हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. "कुठं चाललीस?"

"माहेरी. बाबांना जास्त हाय."

"बोलावलं हाय तुला?"

"व्हय. दोघांना."

"मग थांबंल बापूस," ती म्हणाली. "बोलावलेला मानूस येईस्तवर थांबतोच." तिने कमरेच्या पिशवीतून बोरं काढून माझ्या हातात दिली आणि भारा उचलून निघून गेली. मी ती खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

नवरा परत आला तो मुरमाच्या ट्रकमधून, चाक मांडीवर घेऊन. नवी ट्यूब बसवलेली, हवा भरलेली. चाक लावताना नट दोनदा खाली पडला. शर्टाची बाहेर काढलेली कॉलर काळी झाली होती. मी स्वेटरच्या आत सारायला गेले तर म्हणाले, "राहू दे."

खिंड उतरलो, रोहा ओलांडलं, समोर धाटावच्या चिमण्या दिसायला लागल्या. फाटा आला. त्यांनी सवयीने गाडी हळू केली, पाय टेकायला खाली सोडला. मग पाय वर घेतला आणि गाडी आत वळवली. लग्नानंतर पहिल्यांदा.

अंगणात माणसं उभी होती. गाडीचा आवाज ऐकून सगळ्यांनी इकडे बघितलं आणि मग खाली बघितलं. काका पुढे आले. "आत्ताच गो," ते म्हणाले. "आत्ताच गेले."

मी आत गेले. आई उशाशी बसली होती. बाबांच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं. आई मला धरून रडली आणि रडता रडता सांगत राहिली. सकाळी शुद्धीवर होते. दूध घेतलं. फाट्याकडे कान लावून होते, दर थोड्या वेळाने विचारत होते, आवाज आला काय. एक स्कूटर वाजली तेव्हा उठून बसायला निघाले.

"काय सांगायचं होतं त्यांना?" मी विचारलं.

"मला नाय बोलले. मी इचारलं. म्हणाले, ते आले की बोलेन."

नवरा अंगणातच होता. घरात यायला त्यांना कुणी अडवलं नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं, त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही. पुढच्या माणसांच्या मागे, आंब्याखाली ते उभे होते, काळे हात पाठीमागे धरून. काकांचं त्यांच्याकडे, त्यांच्या हातांकडे लक्ष गेलं.

"गाडी हाय ना तुमची? चालते ना आता?"

"चालते."

"मग सांगून या सगळ्यांना. दुसरं कोण जाणार?" काकांनी गावं सांगितली. बाबांच्या बहिणीचं गाव, आईचं माहेर, चुलत्यांचं, अजून एक-दोन, डोंगरापलीकडचं शेवटचं. तिकडे फोन नव्हते. मयताचा निरोप माणसानेच न्यायचा.

नवऱ्याने विचारलं, "कोण आलंय म्हणून सांगू?"

काका तिरडीचे बांबू बघायला वळले होते. म्हणाले, "जे हाय ते सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "जावई म्हणून सांगा."

ते गेले. आमच्याकडे मयताचा निरोप घेऊन आलेला माणूस घरात शिरत नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहतो, सांगतो आणि निघतो. त्याला बस म्हणत नाहीत, पाणीही विचारत नाहीत. त्यात कुणाचा अपमान नसतो, ती रीतच आहे. म्हणजे माझ्या माहेरच्या गोतावळ्यात जावई म्हणून ते पहिल्यांदा दारोदार गेले, आणि प्रत्येक दारात बाहेर उभं राहून परत फिरले.

त्यांच्या निरोपाने माणसं येऊ लागली. टेम्पोतून आली, चालत आली. आत्या आली, मामा आले. "तुझा नवरा आला व्हता सांगायला," प्रत्येक जण मला म्हणत होता. उन्हं उतरायला लागली. काका म्हणाले, आता थांबता येणार नाही, अंधाराआधी झालं पाहिजे. मी फाट्याकडे बघत राहिले. ते डोंगरापलीकडे असणार होते. बाबांना उचललं तेव्हा खांदा द्यायला खूप माणसं होती. त्यांच्यातली बरीचशी ह्यांनीच बोलावून आणलेली.

पुरुष नदीवरून अंघोळ करून परत येत होते तेव्हा त्यांची गाडी आली. ओल्या कपड्यातली माणसं बघून त्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी ढकलत रस्त्याच्या कडेला घेतली. सगळे पुढे जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

मग अंगणात येऊन पायरीवर बसले. मी पाणी नेलं. दोन तांबे एका दमात प्यायले.

"सगळ्यांना सांगितलं," ते म्हणाले.

"आले सगळे."

"तुझ्या आत्याबाईंनी विचारलं, कुठला जावई? मी म्हटलं, एकच हाय."

"मग?"

"मग काय. त्या रडायला लागल्या, मी पुढच्या गावाला निघालो."

काकांनी आतून हाक मारली, आत या म्हणून. आईनेही मारली. ते म्हणाले, "हात काळे हायत," आणि तिथेच बसले. मी राख आणि नारळाचा काथ्या आणून दिला. ते बराच वेळ हात घासत होते. घासता घासता म्हणाले, "काय सांगायचं असंल गो त्यांना?"

"मला काय माहीत?" मी म्हटलं. काहीतरी गोड रचून सांगणं मला कधी जमलं नाही.

"वाईट तर नसंल ना?"

"वाईट सांगायला कोण जावई म्हणून बोलावतं?"

त्यांनी काथ्या खाली ठेवला. "जावई दुकानदार म्हणाला. त्याला काकांनी सांगितलं. बाबा काय म्हणाले ते आपल्याला कुठं माहीत हाय?"

ह्याचं उत्तर मिळण्यासारखं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी काका गोठ्याजवळ एकटे दिसले तेव्हा मी सरळ विचारलं. फोन करायच्या आधी बाबा तुम्हाला नक्की काय म्हणाले?

काका विचार करत उभे राहिले. "म्हणाले, त्या दोघांना बोलव."

"जावयाला, असं म्हणाले?"

"आता ते कुठं आठवतं गो. दोघांना म्हणाले एवढं नक्की. फोनवर जावई मीच बोललो असेन. दुसरं काय बोलणार मी?"

मी परत आले. नवरा गाडीजवळ उभा होता, दुसऱ्या शिफ्टला जायला. रजा घ्या असं मी म्हटलं होतं, त्यांना थांबायचं नव्हतं. मला गोठ्याकडून येताना त्यांनी पाहिलं होतं.

"काय म्हणाले काका?"

"म्हणाले, व्हय," मी सांगितलं. "बाबा जावईच म्हणाले होते. 'माझ्या जावयाला घेऊन ये', असं."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. ते गाडीच्या टाकीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. हात अजून काळेच होते.

"मग तर लईच उशीर केला मी," ते म्हणाले, आणि गाडीला किक मारली.